ट्रान्स स्त्रियांनी छातीची वाढ आणि काळजी कशी करावी: गोळीआधी सिकलसेल तपासा

उपकेंद्रातली माला-एन किंवा मेडिकलमधली माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या छाती वाढवायला खाऊ नका. त्यातलं इथिनिल इस्ट्रॅडिऑल (कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं हार्मोन) रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवतं, आणि लवकर वाढ व्हावी म्हणून दोन-तीन गोळ्या घेतल्या तर धोका आणखी वाढतो. जास्त डोसने छाती जास्त वाढत नाही.

हार्मोन सुरू करण्याआधी रक्त तपासा: लिव्हर, किडनी, साखर, सोबत बीपी. आणि आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या, म्हणजे तुम्ही वाहक आहात की रुग्ण ते कळतं. सिकलसेलच्या रुग्णाला गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त असतो, त्यावर इस्ट्रोजेनची भर पडते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा.

मग नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, एम्स किंवा सेवाग्रामचं हॉस्पिटल यांपैकी जवळ पडेल तिथे जाऊन हार्मोनच्या डॉक्टरांबद्दल विचारा. तृतीयपंथी म्हणून उपचार नाकारणं 2019 च्या कायद्याने मना आहे. हे ठामपणे सांगायला लाजू नका.

बिडी-सिगारेट बंद करा. खर्राही सोडा, तंबाखू नसांना आणि हृदयाला घातकच.

स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन रोखणारी गोळी) सुरू असेल तर लघवी जास्त होते आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईला हे फार जड जातं. पाण्याची बाटली सोबत ठेवा, चक्कर आली तर सावलीत बसा, आणि पोटॅशियमची तपासणी चुकवू नका. हार्मोन घेताना एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर ती गुठळी असू शकते; सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

वाढ सावकाश होते. साधारण 3 ते 6 महिन्यांत स्तनाग्राखाली दुखरी, टणक गाठ लागते. ती वाढीचीच असते, घाबरू नका. पूर्ण वाढीला 2-3 वर्षं लागतात. आकार बहुतेक वेळा आई-बहिणीपेक्षा लहान राहतो. यात तुमची काही चूक नाही. कुणी सिलिकॉनचं इंजेक्शन देतो म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. ते फुप्फुसात जाऊन जीव घेऊ शकतं.

उन्हाळ्यात सुती ब्रा घाला, घामाने भिजलेला स्पंज काढून टाका, छातीखालची त्वचा कोरडी ठेवा. तिथे खाज सुटली तर बहुधा बुरशी असते. त्यावर स्टेरॉइडचं मलम स्वतःहून लावू नका.

आंघोळीच्या वेळी तीन बोटांच्या पेरांनी गोल-गोल फिरवत काखेपर्यंत चाचपा. स्तनाग्रापासून दूर, न दुखणारी कडक गाठ, त्वचेला खळी, आत ओढलेलं स्तनाग्र किंवा रक्ताचा स्राव दिसला, तर लगेच दाखवा. दुधासारखा स्राव आला तरी सांगा, त्यासाठी प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) तपासतात. ट्रान्स स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा कमी होतो, पण पुरुषांपेक्षा जास्त. वय 50 च्या पुढे आणि हार्मोन 5 वर्षांहून जास्त झाले असतील, तर दर 2 वर्षांनी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करावी. आईला किंवा बहिणीला कॅन्सर झाला असेल तर त्याआधीच डॉक्टरांशी बोला. जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या आणि कधीपासून घेता ते सांगा.