बॉस्टनचा फ्रीडम ट्रेल स्वतः चालताय? मग या चुका टाळा

आमच्याकडे दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच आणि बॉस्टन दाखवायचं म्हटलं की फ्रीडम ट्रेल आलाच, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या जुन्या जागा जोडणारी पायी वाट. अडीच मैल म्हणजे चार किलोमीटर, १६ ठिकाणं, रस्त्यावर लाल विटांची नाहीतर लाल रंगाची पट्टी आखलेली, तिच्या मागे मागे जायचं, गाईड लागत नाही, चालायला पैसे पडत नाहीत. हे ऐकायला इतकं सोपं वाटतं ना की लोक काहीच न बघता निघतात, आणि मग अर्ध्यातून परत येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जेवून-बिवून दुपारी बॉस्टन कॉमन या बागेपासून सुरुवात करणं. चार किलोमीटर तासाभरात होतील हा हिशोब चुकतो, कारण थांबत थांबत, आत जाऊन बघत गेलं तर अख्खा दिवस जातो. नॉर्थ एंडला पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात, आणि खरी चढण तर शेवटीच आहे, चार्ल्सटाउनमधला बंकर हिलचा मनोरा. २२१ फूट उंच, २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. बहुतेक जण तिथे पोचतच नाहीत किंवा पोचतात तेव्हा वर सोडणं बंद झालेलं असतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, उलटं चाला. सकाळी लाँग वॉर्फ धक्क्यावरून फेरी बोट पकडून चार्ल्सटाउन नेव्ही यार्डला उतरा, समुद्रावरून शहर दिसतं ते वेगळंच, ताज्या पायांनी मनोरा चढा, मग यूएसएस कॉन्स्टिट्यूशन हे जुनं लढाऊ जहाज बघा, पूल ओलांडून नॉर्थ एंडला जेवा आणि आरामात कॉमनकडे या. फक्त मॅसॅच्युसेट्स स्टेट हाउस आतून बघायचं असेल तर ते शनिवार-रविवारी बंद असतं, त्यासाठी कामाचा दिवस काढा आणि ते आधी उरका. मनोरा आणि जहाज दोन्हीच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात, आदल्या रात्री वेबसाइट बघायचीच.

जहाजावरून आठवलं, पासपोर्ट! यूएसएस कॉन्स्टिट्यूशन १७९७ साली पाण्यात उतरलेलं, पण आजही अमेरिकन नौदलाचं कामावर असलेलं जहाज आहे, त्यामुळे १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला फोटो आयडी दाखवावा लागतो. आपल्या आई-बाबांकडे इथलं लायसन्स नसतं, म्हणजे पासपोर्टच हवा. आमच्या सासऱ्यांचा आम्ही घरी कपाटात सुरक्षित ठेवून आलो होतो. बाकीचे आत गेले, मी आणि ते बाहेर धक्क्यावर बसलो, ते काही बोलले नाहीत पण मला अजून वाईट वाटतं, कारण जहाजासाठीच तर ते आले होते.

चार्ल्सटाउनमध्ये अजून एक घोळ होतो, लाल पट्टीला तिथे दोन फाटे फुटतात, एक जहाजाकडे आणि एक बंकर हिलकडे. रस्ता चुकला असं समजू नका, दोन्ही बरोबरच आहेत. आणि नावावरही जाऊ नका, १७ जून १७७५ ची ब्रिटिशांविरुद्धची बंकर हिलची लढाई मुख्यतः ब्रीड्स हिलवर झाली आणि मनोराही तिथेच उभा आहे.

आता कब्रस्तानं. लोक दारातून फोटो काढतात आणि पुढे जातात, आणि माझ्या मते तिथेच सगळ्यात जास्त गमावतात. ग्रॅनरी बरिंग ग्राउंड १६६० चं. मधोमध मोठा दगडी स्तंभ आहे, त्यावर ठळक अक्षरात फ्रँकलिन लिहिलंय, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी त्याच्यासमोर उभं राहून बेंजामिन फ्रँकलिनची समाधी म्हणून फोटो काढत असतं. तो स्तंभ त्याच्या आई-वडिलांचा आहे, तो स्वतः फिलाडेल्फियात पुरलेला आहे. पॉल रिव्हिअर, सॅम्युएल अ‍ॅडम्स, जॉन हँकॉक हे स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी मात्र इथेच आहेत. घाई न करता एखाद्या जुन्या काळ्या पाटीच्या दगडाजवळ वाका, वर पंख फुटलेली कवटी कोरलेली दिसेल, दात एकेक मोजता येतील इतके स्पष्ट, आणि खाली कुणाच्या तरी दोन-तीन वर्षांच्या लेकराचं नाव. माझ्या आईने तिथे चप्पल काढली होती. दगडाला हात लावू नका, कागद ठेवून पेन्सिलने छाप तर अजिबात घेऊ नका, त्याला मनाई आहे आणि त्या दगडाचे पापुद्रे निघतात.

नॉर्थ एंडमधलं कॉप्स हिलचं कब्रस्तान लोक चढ बघून सोडून देतात, तेही करू नका. तिथे प्रिन्स हॉल हा गुलामगिरीविरुद्ध लढलेला काळा नेता पुरलेला आहे, आणि त्या काळातले शेकडो काळे बॉस्टनकर, गुलाम आणि मुक्त दोन्ही, ज्यातल्या बहुतेकांच्या नावाचा दगडसुद्धा नाही. ट्रेलचं नाव फ्रीडम आहे म्हणून हे बघणं मला फार गरजेचं वाटतं. ट्रेलवरचंच सभागृह फॅन्युएल हॉल ज्याने बांधून दिलं तो पीटर फॅन्युएल गुलामांच्या व्यापारातही होता. वेळ असेल तर स्टेट हाउससमोरून ब्लॅक हेरिटेज ट्रेल सुरू होतो, त्यावर १८०६ चं आफ्रिकन मीटिंग हाउस आहे, तो वेगळ्या दिवशी नक्की चाला.

ओल्ड स्टेट हाउससमोर खाली बघा. फरशीत दगडांचा गोल आहे, ५ मार्च १७७० ला ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला आणि पाच माणसं गेली, त्याची ती खूण. ऑफिसला पळणारे लोक त्याच्यावरून जातात आणि पर्यटकसुद्धा, कारण सगळ्यांची नजर वरच्या बाल्कनीवर, जिथून १८ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. ओल्ड साउथ मीटिंग हाउसचं आणि याचं तिकीट एकत्र मिळतं, ओल्ड साउथ वगळू नका, १६ डिसेंबर १७७३ ला ब्रिटिश कराच्या निषेधात चहा समुद्रात फेकण्याआधी (हीच ती बॉस्टन टी पार्टी) हजारोंची सभा तिथेच भरली होती. तो चहा भारतातला होता असं आपल्यातले बरेच जण मुलांना सांगतात, ते चूक आहे. कंपनी तीच, ईस्ट इंडिया, पण चहा चीनचा. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं हे मोठी माणसं हमखास विचारतात, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. आणि १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी त्याच कंपनीशी सुरतेचा तह केला, एप्रिलमध्ये इकडे लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. हे सांगितल्यावर माझे बाबा तिथल्या एका बाकावर पंधरा मिनिटं बसून राहिले आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

पट्टी मधेच गायब झाली तर घाबरू नका, कुठेतरी रस्ता खणलेला असतो, किंवा हिवाळ्यात बर्फाखाली जाते. फोनचं जीपीएस उंच इमारतींच्या मधे उड्या मारतं, त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. फुटपाथमध्ये प्रत्येक ठिकाणी ब्राँझची गोल चकती बसवलेली आहे, ती शोधा. नॅशनल पार्क सर्व्हिसचं फुकट अ‍ॅप घरच्या वायफायवर ऑफलाइन सेव्ह करून ठेवा. गाडी आणू नका, पार्किंगला जेवढे पैसे जातील त्यात सगळ्यांची ट्रेनची तिकिटं होतील. टॉयलेट दिसलं की जाऊन या, नेव्ही यार्डला आणि क्विन्सी मार्केटला आहेत, मधे पंचाईत होते. आणि एप्रिलचा तिसरा सोमवार टाळा, त्या दिवशी मॅरेथॉन असते, रस्ते बंद.

म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर सरळ दोन दिवस करा. पहिल्या दिवशी चार्ल्सटाउन आणि नॉर्थ एंड करून हेमार्केट स्टेशनवरून घरी, आणि तो दिवस शुक्रवार किंवा शनिवार असेल तर स्टेशनच्या बाजूलाच फळं-भाजीचा उघडा बाजार भरलेला असतो, कोथिंबीर घेऊनच गाडीत बसा.