डेस्कटॉप आत्ता घ्यायचा की थांबायचं? निर्णयाआधीची तयारी

नवा संगणक घ्यायचं मनात आलं की माणूस आधी नव्या मॉडेलांच्या याद्या चाळायला लागतो. त्या याद्या तूर्त बाजूला ठेवा. पहिलं काम जुन्या मशीनसमोर बसून करायचं आहे: आठवडाभर त्याची गाऱ्हाणी एका कागदावर लिहीत जा. ‘स्लो झालाय’ हे काही गाऱ्हाणं नव्हे. ‘सुरू केल्यावर ब्राउझर उघडायला चार मिनिटं लागतात’, ‘व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मशीन मध्येच बंद पडतं’, ‘दहा टॅब उघडले की माउस अडखळतो’, असं लिहा. अशा नेमक्या तक्रारीमागे बहुधा एखादाच भाग असतो, आणि एका भागासाठी अख्खं मशीन बदलायची गरज नसते.

तो भाग शोधायला वेगळं काही घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि मशीन अडखळत असतानाच आकडे बघा. निवांत असतानाचे आकडे काहीच सांगत नाहीत. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क शंभरला चिकटलेली दिसली, तर दोष बहुतेक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा. ती एका सरळ ओळीत वाचताना सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, पण इकडचे-तिकडचे तुकडे गोळा करायला लागली की पार कोलमडते. त्याच साटा पोर्टवर (डिस्क जोडायच्या जागेवर), त्याच केबलवर एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिप्सची डिस्क, लावली तर सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास जाते, आणि तुकडे वाचण्यातला फरक तर त्याहून कितीतरी मोठा असतो. मेमरी सतत नव्वदच्या वर असेल तर रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी, कमी पडते आहे. प्रोसेसरच्या सगळ्या कोअर शंभरावर तासन् तास बसत असतील आणि तुमचं कामच तसं असेल, तेव्हा कुठे नव्या मशीनचा मुद्दा खरा.

मग झाकण उघडा. माझं मशीन एक्स्पोर्टच्या मध्यावर बंद पडायला लागलं तेव्हा मी नव्याची यादी जवळजवळ पक्की करून बसलो होतो. बाजूचं पॅनल काढलं, तर प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्या दिसतच नव्हत्या. पंख्याखाली करड्या धुळीचा जाड थर बसला होता, चिमटीत धरून उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा सलग निघाला. तो काढला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, वाळून खपली झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, आणि मशीन आजतागायत चालू आहे. हे करताना प्लग भिंतीतून काढायचा, केसच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. नाहीतर ते भलत्या वेगाने गरगरतं आणि बेअरिंग जातं. दरवेळी घड्याळ मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा (सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डावरचा) सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. एवढ्यावरून मशीन भंगारात काढलेली माणसं मी पाहिली आहेत!

आता ऑपरेटिंग सिस्टिमचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, म्हणजे थांबणाऱ्याच्या हातात एक ठरलेली तारीख आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असा संदेश आला म्हणून लगेच हाय खाऊ नका. बऱ्याच बोर्डांवर टीपीएम असतं, फक्त बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर ते पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाखाली सापडतं. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र खटपटी करून विंडोज ११ बसवण्यापेक्षा लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बरी, असं माझं मत. ब्राउझर, पत्रं आणि हिशेब एवढंच काम असेल तर त्यावर ते मशीन अजून काही वर्षं निघेल.

घ्यायचं ठरो वा न ठरो, बॅकअप आधी. डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दाखवणारं एखादं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. खराब सेक्टरचा आकडा वाढत असेल तर बैल गेला आणि झोपा केला असं व्हायला नको. त्याच दिवशी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पण त्यात बदलायची आहे ती डिस्क, संगणक नाही.

एवढं करूनही तक्रार उरली, तर ‘थांबू या’ म्हणण्याआधी कशासाठी थांबायचं ते लिहा. ‘पुढचं मॉडेल येतंय’ हे कारण कायमच खरं असतं, म्हणून ते कुचकामी. १९८३ मध्ये ऑस्बोर्न कंपनीने पुढच्या संगणकांची वाच्यता आधीच करून टाकली, गिऱ्हाइकं वाट बघत बसली, आणि त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं. दिवाळ्याचं तेवढं एकच कारण होतं का यावर वाद आहे, पण वाट बघणारं गिऱ्हाईक तेव्हाही असंच होतं. ग्राफिक्स कार्डाचं त्या मानाने थोडं हिशेबात बसतं: एनव्हिडियाची ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये आली, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये, ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये. साधारण दोन-सव्वादोन वर्षांचा फेरा. फेऱ्याच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत असाल आणि गेमिंगसाठीच मशीन हवं असेल, तर थांबण्यात अर्थ आहे.

रॅमचं गणित मात्र सध्या उलटं फिरलं आहे. ‘थांबलं की स्वस्त मिळतं’ ही आपली जुनी समजूत. पण २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स ओढून घ्यायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. या चिप्स मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात, आणि त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशल हा धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवा चिप कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. म्हणून केवळ रॅम उतरेल या आशेवर बसायला मी कुणाला सांगणार नाही. त्याऐवजी जुन्या मशीनमधली रॅम नव्यात चालेल का ते बघा. डीडीआर४ या जुन्या पिढीची पट्टी डीडीआर५ या नव्या पिढीच्या खाचेत बसतच नाही, दोन्हींच्या पट्टीतला मधला काप वेगळ्या जागी असतो. नवी घ्यायची आणि खिसा तोकडा असेल तर १६ जीबीची एकच पट्टी घेऊन शेजारची खाच रिकामी ठेवायची, असं मी करीन. एकाच पट्टीने वेग थोडा पडतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बराच पडतो. पण आठ-आठच्या दोन घेतल्या आणि बोर्डावर दोनच खाचा असल्या, तर पुढे वाढवताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतात.

बोर्ड निवडताना सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या खोबणीचं, आयुष्य विचारा. एएमडीचं एएम४ २०१७ च्या पहिल्या रायझनसाठी चालत होतं, आणि त्यातल्या अनेक बोर्डांवर बायॉस बदलून २०२२ चा प्रोसेसरही चालला. २०२२ मध्ये आलेलं एएम५ निदान २०२७ पर्यंत चालवू, असं कंपनीने सांगितलं आहे. इंटेलचं सॉकेट दोन-तीन पिढ्यांत बदलतं. जे मशीन एकदा घेतलं की पुन्हा उघडायचंच नाही, त्याला त्याने फरक पडत नाही. इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरचा प्रोसेसर वापरलेला मिळत असेल तर जपून. त्यांतल्या काहींना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा व्हायची. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचना बदलण्याचा) उपाय आला, पण आधी झालेली इजा त्याने भरून निघत नाही.

बजेटमध्ये पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी लिहायची खोड मोडा. हलक्या प्रतीचा सप्लाय जाताना बोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. तयार जोडून येणारं मशीन घेत असाल तर त्यातला सप्लाय आणि बोर्ड नेहमीच्या मापाचे आहेत का तेही विचारा. काही कंपन्या स्वतःच्याच मापाचे घालतात, मग सुटा भाग मिळता मिळत नाही. मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकर जुनेच चालवा.

थांबायचं ठरलं तर कागदाच्या तळाशी तारीख लिहा, आणि तारखेआधी घ्यावंच लागेल अशी एक अटही: कामाचं सॉफ्टवेअर जुन्यावर चालेना. घ्यायचं ठरलं तर पहिले तीन-चार दिवस मशीन मुद्दाम राबवा. रात्रभर रॅमची चाचणी लावा, प्रोसेसर आणि कार्ड तासभर पूर्ण भारावर चालवून तापमान बघा, पुढचे-मागचे सगळे यूएसबी पोर्ट एकदा वापरून घ्या. आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं, थर्मोकोल, पिशव्यांमधले जादा स्क्रू, काहीच टाकू नका.