जुनी दुनळी घेताना आधी नंबर बघा, नक्षी नंतर

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या डोक्यात एक समजूत पक्की बसलेली आहे. दुकानातून बंदूक घेतली, फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक पार पडला, म्हणजे माल स्वच्छ. पण तो चेक तुमचा असतो, बंदुकीचा नव्हे. तुमच्यावर गुन्हा आहे का, तुम्हाला शस्त्र बाळगायची मनाई आहे का, एवढंच त्यात बघतात. ती दुनळी कुणाच्या कपाटातून निघाली हे त्यात कुणी विचारत नाही. त्या फॉर्मवर, म्हणजे फॉर्म ४४७३ वर, तिचा नंबर लिहितात खरा, पण तो कागद दुकानदाराच्याच फायलीत राहतो.

साताऱ्याला माझ्या मामांकडे बाराबोअर होती. तिचा नंबर त्यांच्या परवान्यावरच लिहिलेला असे आणि विकायची तर सरकारदरबारी कळवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. इथे तशी देशभराची नोंदवही नाही. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ती करायलाच मनाई आहे. आमच्या पेनसिल्व्हेनियात तर दुनळी किंवा रायफल राज्यातलाच एक माणूस दुसऱ्याला परस्पर विकू शकतो, मध्ये दुकानदार लागत नाही. त्यामुळे मालकीची खातरजमा करायची ती घेणाऱ्यानेच.

ती का करायची? कारण चोराकडे मालकी नसते, म्हणून तो ती कुणाला देऊही शकत नाही. मधे पाच प्रामाणिक गिऱ्हाइकं झाली तरी मूळ मालक आला की बंदूक त्याची. तुमचे पैसे गेले ते वेगळेच. चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना ती घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी इथे दोनदा वाचावं: बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर हद्दपारीचं कलम लागू शकतं. एच-१बीवर असाल तर बंदूक बाळगायलाच मुळात बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच वापरावेत.

आता नंबर. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, लोखंडावर आकडे ठोकण्यात आणि ठोकलेले वाचण्यात, त्यामुळे या भागावर मी जरा जास्तच बोलणार.

पार्कर घ्या. १८६६ ते १९४२ एवढ्या काळात बनलेली, मुख्यतः कनेक्टिकटमधल्या मेरिडनची ही दुनळी इथल्या संग्राहकांचा जीव की प्राण. विकणाऱ्याची परवानगी घेऊन, आत काडतूस नाही हे स्वतः बघून, तिचे तीन भाग सुटे करा: पुढचं लाकूड, नळ्या, आणि दस्त्यासकट मागचा भाग. नळ्या काढल्यावर जो सपाट पृष्ठभाग उघडा पडतो त्यावर नंबर असतो. तोच नंबर नळ्यांच्या खालच्या बाजूला, पुढच्या लाकडातल्या लोखंडी पट्टीवर आणि चापाच्या कमानीवरही असायला हवा. सगळे जुळले तर उत्तम. नळ्यांचा निराळा निघाला म्हणून ती चोरीचीच असं नव्हे, शंभर वर्षांत कुणीतरी नळ्या बदलल्या असतील. पण मग दोन्ही नंबर तपासायचे, कारण चोरीच्या दोन बंदुका जोडून एक करता येते. विंचेस्टर मॉडेल १२ ही पंपवाली एकनळी १९१२ पासूनची. तिचा नंबर मुख्य सांगाड्याच्या पुढच्या टोकाला खालून असतो आणि नळीची बाजू सुटी केली की तिकडच्या कड्यावरही असतो. हे दोन सर्रास विजोड सापडतात.

आकडे कसे बसलेत तेही बघा. जवळ एक भिंग आणि छोटा टॉर्च ठेवा. उजेड वरून नको, आडवा टाका. कारखान्यात ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो, वापराने तो गुळगुळीत होतो, पण तळ खोल आणि स्वच्छ राहतो. कुणी कानस मारून, एमरी घासून पुन्हा आकडे ठोकले असतील तर त्या जागेला हलकीशी खळगी येते. नख फिरवा, कळतं. भोवतालची नक्षी झिजलेली आणि आकडे मात्र ताजे, किंवा एकाच नंबरातल्या दोन सातांची शेपटी वेगळी, असं दिसलं की तिथेच आभार मानून उठायचं. कारण नंबर खोडलेली किंवा बदललेली बंदूक जाणूनबुजून जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे, मग ती चोरीची असो वा नसो.

मुळातच नंबर नसला तर? १९६८ च्या कायद्याआधी अशा छऱ्याच्या बंदुकांवर नंबर सक्तीचा नव्हता. टपालाने मागवलेल्या स्वस्त एकनळ्या बिननंबरी सापडतात आणि त्यात काही काळंबेरं नाही. पार्कर, एल. सी. स्मिथ, फॉक्स या जुन्या अमेरिकन दुनळ्या आणि मॉडेल १२ यांना मात्र कारखान्यातूनच नंबर असे. तिथे तो दिसत नसेल तर कुणीतरी घालवलाय. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका केंद्रीय शस्त्र कायद्यात बसत नाहीत, म्हणून त्या फॉर्मशिवाय फिरतात. चोरीचा कायदा मात्र साल विचारत नाही.

दस्त्याच्या खालच्या कडेला चांदीची लंबगोल टिकली असते, तिच्यावर जुन्या मालकाची आद्याक्षरं. ती कुणाची, हे विकणाऱ्याला सहज विचारा. इंग्लिश बंदुकीवर सोन्यात जडवलेला २ चा आकडा दिसला तर १ कुठे आहे ते विचारा. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांच्या बंदुका अनेकदा जोडीने बनत, आणि चोरीत जोडी फुटते. अर्थात वाटणीतही फुटते, दोन भावांना एकेक. उत्तर काय येतं यापेक्षा ते किती सहज येतं याकडे माझं लक्ष असतं.

गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी मोबाइल पुढे करतो: "काका, ही बघा, कशी वाटते?" दहा फोटो, कुत्र्याची नक्षी, अक्रोडाचं लाकूड, सगळं सुंदर. नंबराचा फोटो एकही नसतो. विकणाऱ्याने मागूनही दिला नाही तर व्यवहार तिथेच संपला असं समजा.

नंबर हाती आला की पोलीस. चोरीच्या बंदुकांची यादी एफबीआयच्या एनसीआयसी या संगणकात असते. सामान्य माणसाला तिथे शिरकाव नाही, पण पोलिसाला आहे. बंदूक घेऊन चौकीत जायचं नाही, ते भलतंच धाडस. ९११ सोडून चौकीचा जो साधा नंबर असतो तिथे फोन करा आणि कंपनी, बोअर, सिरीयल नंबर सांगा. काही ठिकाणी लगेच बघून सांगतात, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात. नाही म्हणाले तर सौदा एखाद्या जुन्या दुकानदाराच्या टेबलावर करा आणि तो तपासून घेऊ शकतो का विचारा. चोरीची नोंद तिथे बंदूक सापडेपर्यंत राहते, म्हणजे १९७८ साली गेलेली दुनळी आजही अडकू शकते.

पण "नोंद नाही" याचा अर्थ "चोरीची नाही" असा होत नाही. बहुतेकांनी आपल्या बंदुकांचे नंबर कधी लिहूनच ठेवलेले नसतात. काहीजण घाबरून पोलिसाला नंबराऐवजी बंदुकीवर छापलेली पेटंटची तारीख नाहीतर मॉडेलचा आकडा सांगतात, आणि नोंद जन्मभर चुकीची राहते. शिवाय असल्या बंदुका घरातलाच माणूसही नेतो: पुतण्या, काळजीवाहू, घटस्फोटाच्या तोंडावरचा जोडीदार. अशी चोरी महिनोन्महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून मयताच्या मालमत्तेतली बंदूक घेताना "आजोबांची होती" एवढ्यावर जाऊ नका. मृत्युपत्र अमलात आणायला कोर्टाने कुणाला नेमलंय, त्याचा कागद बघा आणि सही त्याच माणसाची घ्या. माणूस गावातला ओळखीचा असला तरी.

पावती साधी चालते, पण त्यात विकणाऱ्याचं नाव-पत्ता, ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो, बंदुकीवरचे सगळे नंबर, बोअर, नळीची लांबी, तारीख आणि "मी हिचा कायदेशीर मालक आहे, हिच्यावर कुणाचा बोजा नाही" हे वाक्य हवं. रोखीचा हट्ट, निम्म्या किमतीत सौदा आणि कागदाला नकार असे तिन्ही एकत्र आले की तेच उद्या कोर्टात तुमच्याविरुद्ध "सबळ कारण" म्हणून उभे राहतील. आणखी एक: "जसे आहे तसे" विकलं असं लिहिलेलं असलं तरी ते मालाच्या अवस्थेबद्दल. मालकीची हमी त्याने आपोआप उडत नाही. ती स्पष्ट शब्दांत काढून घेतलेली नसेल तर राहतेच.

पार्कर किंवा एल. सी. स्मिथ असेल तर त्या त्या संग्राहक संघटनेकडून जुन्या वह्यांवरून पत्र मागवता येतं: कोणत्या दर्जाची, किती लांब नळ्या, कधी, कुणाकडे पाठवली. विंचेस्टरच्या अनेक नोंदी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत. या पत्रातून चोरी कळत नाही. पण पत्रात तीस इंची नळ्या आणि हातात सव्वीस इंची, असं निघालं तर प्रश्न कुठून सुरू करायचे ते कळतं.

घेतल्यावर चोरीची निघाली तर ती विकणाऱ्याला परस्पर परत करू नका आणि दुसऱ्याला विकू तर मुळीच नका. कळल्यानंतरचा प्रत्येक व्यवहार गुन्हा होतो. आधी वकील, मग त्याच्यामार्फत पोलीस. बंदूक जाईल. पैशांसाठी विकणाऱ्यावर मालकीच्या हमीचा दावा करता येतो, सर्वसाधारणपणे माल हाती आल्यापासून चार वर्षांच्या आत, आणि तेव्हा ती पावती कामाला येते. मूळ मालकाला विमा कंपनीने भरपाई दिलेली असेल तर बहुधा हक्क कंपनीकडे गेलेला असतो. कंपनीला दुनळी भिंतीवर टांगायची नसते, तिला पैसे हवे असतात. ती रीतसर विकायला तयार आहे का, हे वकिलाला जरूर विचारायला लावा.