निपाह किंवा इबोलाच्या साथीपूर्वी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची तयारी

निपाह किंवा इबोलासारख्या आजारासाठी मुंबईतील रुग्णालयाने प्रशिक्षणाची यादी करताना केसपेपर काढणारा कारकून, वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार यांची नावे आधी लिहावीत. कारण संशयित रुग्ण कस्तुरबा रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात पोहोचण्यापूर्वी बहुधा एखाद्या उपनगरी रुग्णालयात, इतर तापाच्या रुग्णांच्या रांगेत बसलेला असतो. गेल्या २१ दिवसांत प्रवास कुठे झाला आणि घरात कोणी तापाने दगावले का, हे दोन प्रश्न पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोच्या गर्दीत हमखास राहून जातात, म्हणून ते केसपेपरवरच छापून घ्यावेत. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णाला मास्क देऊन वेगळ्या खोलीत न्यावे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला तात्काळ कळवावे. २०१८ मध्ये केरळमधील पेरांब्रा येथे निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचाच मृत्यू झाला होता.

पीपीई किट चढवण्यापेक्षा उतरवताना संसर्गाचा धोका अधिक असतो, तरी सरावाचा बहुतेक वेळ चढवण्यातच जातो. उतरवताना समोर एक सहकारी उभा करून त्याने तक्त्यावरील एकेक पायरी मोठ्याने वाचावी. प्रत्येक पायरीनंतर हात निर्जंतुक करावेत, अंगरखा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवावा, गॉगल व मास्क मागच्या पट्ट्यांना धरून काढावेत आणि आतले हातमोजे शेवटी काढावेत. अतिनील दिव्याखाली चमकणारा द्रव किटवर लावून हा सराव घेतला, की मनगटावर आणि गळ्याशी राहिलेले डाग ज्याचे त्यालाच दिसतात. मुंबईच्या दमट हवेत घामाने गॉगल धुरकट होतो आणि हात नकळत चेहऱ्याकडे जातो, त्यामुळे हा सराव वातानुकूलित सभागृहात घेण्यात फारसा अर्थ नाही.

सांडलेले रक्त किंवा उलटी पुसण्यासाठी ०.५ टक्के क्लोरीनचे द्रावण रोज ताजे करावे. बाटलीवर ५ टक्के लिहिले असल्यास एका भागात नऊ भाग पाणी घालावे. नमुने तिहेरी वेष्टनात आणि आधी कळवूनच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवावेत.

कक्षात जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव नोंदवहीत लिहून शेवटच्या संपर्कानंतर २१ दिवस त्याचे तापमान दिवसातून दोनदा तपासावे. कंत्राटी कामगाराला या काळातील रजेचा पगार मिळेल, असे आधीच लेखी द्यावे, अन्यथा तो ताप लपवून कामावर येईल.