तिथीची पाऊणपट कितपत खरी? आपल्याच जेटीवर मोजून बघा

भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब पोरांनासुद्धा पाठ असतो. तिथी घ्या, पाऊणपट करा, झाली पूर्ण भरतीची वेळ. मालवणच्या जेटीवर जाळं शिवत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा, मोबाईल न काढता सांगतील, "आज सप्तमी मा, सव्वापाचाक पाणी भरतला." सात पाऊण सव्वापाच, पाऊणकीचा पाढा.

आता हा हिशोब किती बरोबर आहे, कुठे चुकतो आणि का चुकतो हे शोधणं म्हणजे पूर्ण रिसर्च आहे, आणि त्याला लॅब लागत नाही, पाइप, रंग, वही आणि महिनाभर चिकाटी लागते. नववी-दहावीच्या प्रोजेक्टला चालेल, इंजिनियरिंगच्या मुलांना चालेल, रिटायर होऊन गावी आलेल्या भाऊंना तर फारच छान.

पाण्याजवळ जायच्या आधी कागदावर बसा, कारण निम्मी मजा तिथेच आहे. अमावस्या ते पौर्णिमा १५ तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळात एक फेरी मारते, म्हणजे १२ तास. १२ भागिले १५ म्हणजे ०.८ तास, ४८ मिनिटं. आपली पाऊणकी सांगते ४५ मिनिटं. तीन मिनिटांनी काय होतंय असं वाटेल, पण पंधराव्या तिथीपर्यंत ती ४५ मिनिटं होतात. अमावस्येला पाऊणकीप्रमाणे भरती ११:१५ ला आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला १२:४५ ला, एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. म्हणजे हिशोब कुठेतरी घसरणारच, प्रश्न एवढाच की तुमच्या जेटीवर कुठे आणि किती. (चार-पंचमांश तोंडी कोण करणार, पाऊणकी शाळेत घोकलेली असायची म्हणून ती टिकली असावी, हा माझा अंदाज.)

म्हणून हिशोब मोकळा करून लिहा: वेळ = अ + ब × तिथी. जुन्या हिशोबात अ शून्य आणि ब ०.७५ गृहीत धरलंय, आपण दोन्ही मोजून काढायचे. अ शून्य यायचं काही कारण नाही. एक तर भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, मालवणला आधी आणि मुंबईला नंतर, आणि खाडीत आत गेलात तर अजून उशीर. दुसरं म्हणजे आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरचं, मालवण ७३.५ च्या आसपास, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर इथला मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी ३६ मिनिटांनी होतो. चंद्र-सूर्याला आपलं घड्याळ ठाऊक नाही, त्यामुळे हा फरक सगळा अ मध्ये जाऊन बसतो.

आता पट्टी. जेटीच्या खांबावर थेट रंगवू नका, परवानगीची भानगड आहे, सागरी मंडळाच्या ऑफिसात विचारून जुना खांब किंवा पायरीची कड घ्या. लाकडी पट्टीवर ऑइल पेंटने दर १० सेंटिमीटरला जाड रेघ, २ ला बारीक. मालवण-देवगडकडे उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला) पाणी दोन-सव्वादोन मीटर चढतं-उतरतं, अडीच-तीन मीटरची पट्टी पुरते, मुंबईत साडेचार-पाच मीटरचं काम आहे. पट्टीचा शून्य कुठे आहे ते जेटीवरच्या हलणार नाही अशा एखाद्या खुणेपासून मोजून वहीत लिहा, कारण पट्टी लाटेने सरकणार किंवा कोणीतरी होडी बांधणार, आणि मग आधीचं आणि नंतरचं रीडिंग जुळवायला तीच खूण उपयोगी.

लाटांमुळे पाणी सारखं वरखाली होतं, नुसत्या डोळ्याने वाचलं तर १५-२० सेंटिमीटर इकडेतिकडे सहज. त्यावर उपाय म्हणजे ४ इंची पीव्हीसी पाइप उभा बांधायचा, तळ बंद करायचा आणि खाली फक्त १० मिलिमीटरचं भोक. भोकाचा व्यास पाइपच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे क्षेत्रफळ शंभरावा भाग. लाट काही सेकंदांची असते, तेवढ्यात भोकातून फारसं पाणी जात नाही, भरती सहा तासांची, ती आरामात आत येते. आत थर्माकोलचा तरंगता तुकडा आणि त्यावर हलकी काडी, काडीचं टोक पट्टीवर वाचा. भोक अधूनमधून साफ करा नाहीतर कालवं धरतात, आणि भोक बुजत आलं की पाइपमधलं पाणी उशिरा चढतं, तुम्हाला वाटणार भरतीच लेट झाली!

पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, जरा सावकाश वाचा. पूर्ण भरती कधी झाली हे बघून सांगता येत नाही. सुकती (पूर्ण ओहोटी) ते भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, ढोबळ हिशोब असा की एकूण उंचीचे बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे चढतात. २.४ मीटरची भरती असेल तर मधल्या तासांत ६० सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सेंटिमीटर, आणि टोकाला पाणी जवळजवळ ढिम्म. अर्धा तास बघत राहिलात तरी एक-दोन सेंटिमीटर. तिथे "आत्ता भरलं" असं कोणी सांगितलं तर समजा अंदाजपंचे. मग करायचं काय, टोक बघायचंच नाही. चढताना पाणी १.८० च्या रेघेला कधी लागलं ते लिहा, समजा १०:२०, उतरताना त्याच रेघेला परत कधी आलं, समजा १२:०४. दोन्हींचा मध्य ११:१२, ही पूर्ण भरती. अशाच अजून दोन रेघांवर करा, १.७० आणि १.६०. तिन्ही मध्य अगदी सारखे येणार नाहीत, चढायला आणि उतरायला लागणारा वेळ थोडा वेगळा असतो, पण त्यांच्यातल्या फरकावरून तुमची वेळ किती मिनिटांपर्यंत भरवशाची आहे ते लगेच कळतं. तो आकडाही वहीत हवा.

दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून सकाळी सहा ते संध्याकाळी साडेसहात एक तरी भरती सापडतेच. रात्री जेटीवर जायची गरज नाही.

आता डॉक्टर लोकांकडून एक गोष्ट उचलायची. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसीनच्या ट्रायलचे निकाल छापले गेले, त्यात एक्स-रे वाचणाऱ्यांना कुठल्या पेशंटला औषध मिळालंय हे माहीतच नव्हतं. आपल्याकडेही तसंच ठेवा. ज्याला पट्टी वाचायची त्याने त्या दिवशी कॅलेंडरमधली भरतीची वेळ किंवा ॲप बघायचं नाही, तिथी काढणारा माणूस वेगळा. नाहीतर काय होतं, सव्वापाच अपेक्षित असलं की डोळ्याला सव्वापाचच दिसतं, मुद्दाम कोणी करत नाही पण होतं. आणि जेटीवरचे काका शेजारी उभे राहून वेळ सांगायला लागले तर त्यांना प्रेमाने चहाला पाठवा.

तिथीतही गोम आहे. कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते, आणि तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जायला लागणारा वेळ, कधी २० तास तर कधी २६ तासांहून जास्त. म्हणून अपूर्णांकात घ्या. समजा सप्तमी सकाळी ९ ला लागली आणि दुसऱ्या दिवशी ८ ला संपली, म्हणजे २३ तासांची. भरती दुपारी ४:४० ला आली, तोवर ७ तास ४० मिनिटं गेली, म्हणजे तिचा एक तृतीयांश भाग. मागच्या सहा पूर्ण झालेल्या, म्हणून ६.३३ लिहा. लागण्या-संपण्याच्या वेळा पंचांगात असतातच. अमावस्या-पौर्णिमेच्या जोडावर सांभाळा, प्रतिपदेला भरती ११:५० ला आली तर ती उणे १० मिनिटं म्हणून लिहा, नाहीतर रेषेचं कडबोळं होईल.

निदान एक पंधरवडा झाला की गुगल शीटमध्ये तिथी आडवी, वेळ तासांत उभी, आणि स्लोप, इंटरसेप्ट ही दोन फंक्शन, स्लोप म्हणजे ब आणि इंटरसेप्ट म्हणजे अ. ब ०.८ च्या जवळ यायला हवा. आर-स्क्वेअर (रेषा आकड्यांना किती जुळते ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९ च्या वर गेला म्हणून पेढे वाटू नका! प्रत्येक दिवसाची मोजलेली वेळ वजा रेषेने सांगितलेली वेळ काढा आणि हे उरलेले फरक वेगळ्या ग्राफवर टाका. ते आडवेतिडवे विखुरलेले नसतात, त्यांची लाट दिसते. उधाणाच्या दिवसांत भरती रोज ४८ मिनिटांपेक्षा कमी पुढे सरकते आणि भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास, पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा) एका तासाच्याही पुढे जाते. हा सूर्य. भरती उचलणारी त्याची ओढ चंद्राच्या साधारण ४६ टक्के, अष्टमीच्या सुमारास तो चंद्राच्या विरुद्ध ओढतो आणि वेळा खेचून वाकवतो. म्हणजे पाऊणकीच काय, कुठलीही सरळ रेषा पूर्ण बरोबर येणार नाही, आणि हे तुम्हाला तुमच्या स्वतःच्या आकड्यांतून दिसलेलं असतं.

ज्यांना गणिताची खाज आहे त्यांनी इथून पुढे जा, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पाण्याची उंची तासातासाला घ्या आणि ती बऱ्याच कोसाइन लाटांची बेरीज समजा: चंद्राची मुख्य लाट ताशी २८.९८४ अंश, सूर्याची ३०, आणि दिवसातून एकदाच येणाऱ्या दोन, १५.०४१ आणि १३.९४३. या शेवटच्या दोघींमुळे आपल्याकडे एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. प्रत्येक लाटेचे कोसाइन आणि साइन असे दोन कॉलम करा आणि शीटमधलं लाइनेस्ट फंक्शन लावा, ते प्रत्येक लाट किती मोठी ते काढून देतं. चंद्र-सूर्याच्या लाटा वेगळ्या ओळखायला किमान १४.७७ दिवसांचा डेटा लागतो, त्याहून कमी असला तर शीट उत्तर देईल पण ते निरर्थक. चंद्र कधी जवळ कधी लांब असतो, त्याची २८.४४० अंशांची लाट हवी असेल तर २७.५५ दिवस, म्हणून सरळ २९ दिवस घ्या. हेच गणित लॉर्ड केल्विनने १८७० च्या दशकात पितळी चाकं आणि दोरी वापरून मशीनवर बसवलं होतं, आणि मुंबईत अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

एवढं करूनही काही सेंटिमीटर उरतात, त्यात वारा आणि हवेचा दाब. दाब १ हेक्टोपास्कल (बॅरोमीटर दाखवतो ते एकक) उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. फोनमधल्या बॅरोमीटरचं रीडिंग शेजारी लिहून ठेवा, जुळतंय का बघा. पण इन्कॉइसचा (समुद्राचे इशारे देणारी सरकारी संस्था) उंच लाटांचा इशारा असेल किंवा समुद्रात वादळ असेल तर जेटीवर जायचं नाही, वहीत त्या दिवशी "रीडिंग नाही" लिहायचं आणि त्या जागी अंदाजाने आकडा भरायचा नाही.

सगळं झालं की सर्व्हे ऑफ इंडियाच्या टाइड टेबलमधल्या जवळच्या बंदराशी ताडून बघा, आणि तुमच्या जेटीचा हिशोब एका ओळीत लिहा: तिथीला चारने गुणा, पाचने भागा, मग तुमचा जो अ आला असेल त्याची मिनिटं करून मिळवा किंवा वजा करा. आपण चालू तिथी अपूर्णांकात घेतली होती, काका पूर्ण आकडा धरतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहिताना अजून २४ मिनिटं कमी करा. शेवटी तुमची वेळ किती मिनिटांपर्यंत भरवशाची तो अधिक-उणे आकडा टाका आणि कागद काकांना दाखवा. ते पुढच्या अष्टमीला स्वतः बघतील, मग बोलतील.