डॅशकॅम घेताना आधी उन्हाचा विचार करा

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर लावायचा, रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा निवडताना बहुतेक जण आधी ‘४के (खूप बारीक तपशिलाचं चित्रण) आहे का?’ हेच विचारतात. मी आधी आत बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी वीज साठवणारा भाग), ते बघायला सांगेन. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. तेव्हा उन्हात उभ्या गाडीची काच आणि डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतात. अशा उष्णतेत लिथियम बॅटरी फुगू शकते. सुपरकपॅसिटर बराच जास्त टिकतो. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण तोच घ्या.

मग रात्रीचं चित्रण. दुकानातला चकचकीत डेमो बाजूला ठेवा आणि त्याच मॉडेलचे रात्रीचे, पावसातले व्हिडिओ शोधा. समोरून हेडलाइट येत असताना नंबरप्लेट वाचता येते का, ते बघा. चांगल्या सेन्सरचा १४४०पी (४केपेक्षा कमी तपशिलाचा) कॅमेरा इथे स्वस्त ‘४के’ला सहज मागे टाकतो.

मेमरी कार्ड मात्र ‘हाय एन्ड्युरन्स’च, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं सोसणारंच हवं. जुनं चित्रण पुसून त्यावर सतत नवं लिहिलं जात असल्यामुळे साधं कार्ड लवकर झिजतं, आणि नेमकं अपघाताच्या दिवशी ते रिकामं निघालं तर फार वाईट वाटतं. महिन्यातून एकदा फुटेज उघडून बघा.