फोंड्याची एक दिवसाची सहल : आधी जेवण ठरवा, मग रस्ता

गोव्यात पाहुणे आले की पहिले दोन दिवस समुद्रातच जातात. तिसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून फोंड्याकडे नेतो. आतापर्यंत या वाटेवर बरंच चुकून झालंय, त्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे: दुपारचं जेवण कुठे आणि किती वाजता ते आधी ठरवायचं. बाकीचे थांबे त्याच्या अलीकडे-पलीकडे आपोआप बसतात.

सगळ्यात आधी वार बघा. एकदा सोमवारी निघालो. मंगेशीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ज्या खानावळीच्या हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं, मी आदल्या रात्रीपर्यंत वर्णन करत होतो तिथे शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण. गल्ल्यावरची मावशी म्हणाली, ‘‘सोमवारी मासे कोण खातो रे?’’ गुरुवारी आणि श्रावणातही बऱ्याच ठिकाणी हेच. शिवाय 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत गेलात तर ताज्या माशाचा हट्ट धरू नका, खतखतं (मिसळ भाज्यांचं) आणि सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेलं तोंडीलावणं) मागा.

पणजीहून सातला निघा. फोंडा साधारण 30 किलोमीटर. नाश्ता तिथेच, भाजी-पाव. मुंबईची लोण्यातली पावभाजी डोळ्यांसमोर आणू नका. इथे सुकी भाजी म्हणजे बटाट्याची, पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची नाहीतर अळसांद्यांची, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची. ‘मिक्स’ म्हटलंत की दोन्ही एका बशीत. सोबत मिरची भजी. पोट भरायच्या आत थांबा, पुढे वळणं आहेत.

आता थेट तांबडी सुर्ला, फोंड्याहून तासाभराची वाट. मोलेच्या बाजूला जंगलात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि पेट्रोल फोंड्यातच भरा. महादेवाचं हे देऊळ कदंब राजांच्या काळातलं, 12व्या-13व्या शतकातलं, काळ्या पाषाणाचं. आत शिरलात की एका खांबाच्या तळाशी बसून बघा: हत्ती घोड्याला पायाखाली तुडवतोय. मुलांना ‘कुठे आहे ते शोधा’ म्हणून सोडलं की दहा मिनिटं निवांत मिळतात. शेजारच्या ओढ्यात पाय बुडवायला पाऊस सरल्यानंतरचे महिने बरे. पावसाळ्यात पाणी चढतं आणि जळवाही लागतात. जाता जाता दूधसागर उरकू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्याची जीप कुळ्याहून सुटते आणि त्यात अख्खा दिवस जातो.

साडेबाराला फोंड्यात परत. एकच्या आत बसा. दोननंतर तळलेला मासा संपतो आणि मग वाढप्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. ‘आज काय ताजं आहे?’ एवढंच विचारा आणि तो सांगेल ते घ्या. ताटात उकड्या तांदळाचा भात, हुमण, रव्यात तळलेला मासा, तिसऱ्यांचं सुकं, चिमूटभर किसमूर आणि वाटीत सोलकढी. बांगड्याचं हुमण असेल तर रश्श्यात हिरवट-काळी, मिऱ्यापेक्षा थोडी मोठी फळं दिसतील. ती तिरफळं. वास घ्या, पण चावू नका. माझ्या भाच्याने एक चावलं आणि पुढची पाच मिनिटं जीभ बाहेर काढून बसला होता. आजीने त्याला सोलकढी पाजली, तेव्हा कुठे तो बोलला. लहान मुलांसाठी तळलेला मासा आणि साधं वरण वेगळं मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

एवढं जेवल्यावर ऊन नको. सावई वेरे किंवा केरीच्या बाजूचं एखादं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गाठा. सकाळीच फोन करून ठेवलेला बरा, कारण काही ठिकाणी दुपारनंतर फिरवायला माणूस नसतो. पोफळींवर चढलेल्या मिरवेली, खाली केळी आणि अननस, मधून पाटाचं पाणी, आणि बाहेरपेक्षा जाणवण्याइतका गारवा. जायफळाचं फळ फोडून आतली लाल जाळी, म्हणजे जायपत्री, दाखवायला सांगा. घरी डबीतली जायपत्री वापरणाऱ्यांनाही ती झाडावर कशी असते हे ठाऊक नसतं. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर काजूच्या बोंडांचा ताजा निरो, म्हणजे रस, विचारा. तो सकाळचाच बरा, उन्हं चढली की आंबायला लागतो.

परतीला पाच-साडेपाचच्या सुमारास म्हार्दोळला थांबा. देवळात जायचं असेल तर अर्ध्या चड्डीवाल्यांसाठी गाडीत एक लुंगी ठेवा. म्हाळसेचं दर्शन झालं की बाहेर जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, माळा घ्या. म्हार्दोळच्या जायांचं नाव गोवाभर आहे. एक आजीला, एक गाडीत आरशाला. पणजी येईपर्यंत मागच्या सीटवर सगळे झोपलेले असतात आणि गाडीभर जायांचा वास असतो, त्यात थोडा बांगड्याचाही.